पटावरची नावे : ग्राम बाल शिक्षा केंद्र, बोर्डी ते कोसबाड

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे साल, विश्वस्तांची यादी, इमारतींचे फोटो आणि वर्षागणिक चढत गेलेली पटसंख्या हे सगळे ओघाने येते. ग्राम बाल शिक्षा केंद्राचा इतिहास लिहिताना चढत्या आकड्यांपेक्षा वेगळाच प्रश्न मोलाचा वाटतो. पटावर कोणाचे नाव नव्हते, आणि ते यावे म्हणून संस्थेने स्वतःत काय बदलले? बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर, कुरणशाळा, विकासवाडी हे या केंद्राचे प्रयोग आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. त्यातला एकेक प्रयोग पटावर न आलेल्या एकेका मुलामुळे सुरू झाला. म्हणून हा इतिहास पटाच्या अंगाने मांडला आहे.

ताराबाई मोडक बोर्डीला आल्या तेव्हा बालशिक्षणात त्यांची वीस-बावीस वर्षे गेली होती. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी माँटेसरी पद्धत हाताळली होती. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, त्यात त्या होत्या. १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी चालवली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार काढले. या सगळ्या ठिकाणी येणारी मुले साधारण एका थरातली होती. बालशिक्षण म्हणजे काय हे ज्यांच्या आईवडिलांना कळत होते, फी परवडत होती आणि मुलाला सोडायला-न्यायला घरात कोणी तरी मोकळे होते, अशी ती मुले. लाकडी दट्टे, मनोरे, रंगपट्ट्या असे माँटेसरी साहित्यही महाग. जे शिक्षण गरिबाच्या मुलापर्यंत पोचत नाही ते अपुरे, ही टोचणी ताराबाईंना होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमचा विचार शाळेच्या वयाअलीकडे, अगदी लहान मुलापर्यंत नेला गेला. त्याच वर्षी ताराबाईंनी खेड्याची वाट धरली.

खेडे निवडले ते बोर्डी. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकाला समुद्रकाठी वसलेले गाव. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तिथे १९२० पासून होती, आणि आचार्य शं. रा. भिसे व आचार्य चित्रे यांच्यामुळे गावाला शिक्षणाची सवय झाली होती. त्या आधारावर केंद्र उभे राहिले. गावाच्या पूर्वेला मात्र वेगळे जग होते. तिथे डोंगरउतारावर वारल्यांचे पाडे होते आणि जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली होती. केंद्र सुरू झाले त्याच १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने तो लढा चालवला, आणि ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. केंद्राच्या कामाशी या लढ्याचा थेट संबंध नव्हता. पण ज्या घरांतली मुले पुढे पटावर आली, ती घरे त्या वर्षी काय सोसत होती हे ठाऊक असल्याशिवाय पटाचा अर्थ लागत नाही.

त्याच सुमारास अनुताई वाघ ताराबाईंना येऊन मिळाल्या. मूळच्या मोरगावच्या, बालवयात लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, नंतर शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरात दोघींची गाठ पडली. अनुताई ज्या कामात शिरल्या त्यात त्यांची सत्तेचाळीस वर्षे गेली.

पहिली बालवाडी गावात भरली. जागा मध्यवर्ती, वेळ ठरलेली, बाई प्रशिक्षित आणि प्रवेश सगळ्यांना खुला. पट भरलाही. पण तो भरला गावातल्या बऱ्या घरांतल्या मुलांनी. त्या काळी जिला हरिजनवस्ती म्हणत तिथून मुले येईनात, आणि पाड्यांवरची तर नाहीतच. दार सर्वांना उघडे असूनही विशिष्ट घरांचीच मुले आत येतात, हा अनुभव पुढे अनेक सरकारी योजनांना आला. बोर्डीला तो पहिल्याच वर्षात समोर आला, आणि ताराबाई-अनुताईंनी त्याचे खापर पालकांच्या अडाणीपणावर फोडले नाही. कारणे साधी होती. अडीच-तीन वर्षांचे पोर एकटे एवढ्या लांब चालत येणार कसे? आई पहाटेच मजुरीवर गेलेली, सोडायला कोण? अंगात धड कपडा नाही, आणि धुतलेल्या कपड्यांतल्या मुलांशेजारी बसायचा संकोच. त्यात शिवाशीव. गावातल्या काही घरांना आपले मूल त्या वस्तीतल्या मुलाला लागून बसलेले चालत नव्हते, आणि वस्तीतल्या आयांना ते बोलून न दाखवताही कळत होते.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, असे ठरले. गावातली बालवाडी चालू राहिली, आणि शिवाय वस्तीत, पाड्यावर, कोणाच्या तरी अंगणात दुसरी भरू लागली. हीच अंगणवाडी. तिला इमारत नव्हती, त्यामुळे पायरी नव्हती आणि पायरीवर अडखळणेही नव्हते. सकाळी बाई आणि प्रशिक्षणाला आलेल्या मुली जात त्या खराटा, बादली, फणी, तेलाची बाटली आणि पिशवीभर साहित्य घेऊन. आधी अंगण झाडायचे. मग मुलांना हाका मारत घरोघर फिरायचे. जमली की एकेकाचे तोंड, हातपाय धुवायचे, नखे काढायची, केसांतल्या उवा फणीने काढून तेल लावायचे. खरजेने भरलेले हात असले की कोमट पाण्याने हळूहळू धुवायचे. मूल रडे, बाई गाणे म्हणे, बाजूला आजी बसून बघे. काही दिवसांत तीच आजी आपल्या नातवाला स्वतः पुढे करी. तासाभराचा हा आंघोळ-वेणीफणीचा कार्यक्रम शिक्षणाआधीची तयारी म्हणून नव्हता. कोणीतरी आपल्याला प्रेमाने हात लावते आहे, ही त्या मुलाची शिक्षणाशी पहिली ओळख होती. माझ्या मते केंद्राच्या सगळ्या कामाचा पाया इथे आहे.

साहित्यही अंगणातलेच झाले. मोजायला करंजाच्या बिया, सागरगोटे, गुंजा. लहान-मोठे लावायला शिंपले आणि करवंट्या. ओवायला फुले, विणायला ताडाची पाती, वास ओळखायला रानातला पाला. मुलाने हात, डोळे, नाक, कान वापरून स्वतः शिकावे हे माँटेसरीबाईंचे तत्त्व तसेच राहिले. महागडे साहित्य मात्र गळून पडले. त्यामुळे अंगणवाडी वाढवायला पैशापेक्षा बाईची गरज जास्त पडू लागली, आणि बालसेविकांचे प्रशिक्षण हे केंद्राचे बालवाडीइतकेच महत्त्वाचे अंग झाले.

आता पटावरच्या नोंदीविषयी. शहरातल्या बालमंदिरात नाव घालायला पालक फॉर्म भरून आणतात. पाड्यावर नाव घालणे हेच एक काम असते. वारली घरांत मूल ज्या वारी जन्मले त्यावरून नाव ठेवायची रीत होती. सोम्या, मंगळ्या, बुध्या, मुलगी असली तर सोमी, मंगळी, बुधी. त्यामुळे एका पाड्यात एका नावाची चार-चार मुले, आणि ओळखायची ती बापाच्या किंवा पाड्याच्या नावाने. जन्मतारखेचे तर विचारूच नये. पोर होळीच्या पुढच्या आठवड्यात झाले, लावणीच्या पावसात झाले, वाघबारशीला झाले, असे आई सांगणार. त्यावरून वर्ष बांधायचे, दात आणि उंची पाहून ते ताडून बघायचे आणि मग नोंद करायची. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत असंख्य माणसांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे, ती अशाच नोंदींतून आलेली. पुढे हीच तारीख माणसाला रेशनकार्डापासून निवृत्तीपर्यंत चिकटते, म्हणून बालवाडीच्या बाईने ही नोंद करताना घेतलेला अर्धा तास वाया गेलेला नसतो. जिथे जन्माची नोंदच होत नव्हती, तिथे पटावरचे नाव हा मुलाचा पहिला लेखी पुरावा होता.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुक्काम हलला आणि पटही बदलला. बोर्डीत मांगेला, भंडारी, बारी अशा किनाऱ्यावरच्या समाजांचे मिश्र गाव होते आणि आदिवासी मूल हे बाहेरून आणावे लागणारे मूल होते. कोसबाडला वारली मूल हेच मुख्य, आणि शाळेने त्याच्या दिनक्रमाप्रमाणे आपले घड्याळ लावायचे. आकड्यांच्या भाषेत पट लहान झाला असेल, नसेल. पण ज्याच्यासाठी ताराबाई शहर सोडून आल्या होत्या ते मूल आता पटाच्या मधोमध आले.

तरी एक जागा रिकामीच राहिली. सात-आठ वर्षांच्या मुली. प्राथमिक शाळेत नाव घातलेले, पण वर्गात पत्ता नाही. त्या दिसत त्या बालवाडीच्या दाराशी, कडेवर धाकटे भावंड घेऊन उभ्या. आई रोजावर गेली की बाळाची आई हीच. बाळ खाली ठेवले तर रडते, वर्गात आणले तर बाई रागावतात. मुलीची हजेरी पाळण्यातल्या बाळावर अवलंबून आहे हे ध्यानात आले तेव्हा पाळणाघर निघाले, आणि त्यातूनच विकासवाडीची कल्पना आकाराला आली. एका छपराखाली पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली पाटीपेन्सिल घेऊन शेजारच्या खोलीत. मधूनच उठून बाळ बघून यायची तिला मुभा. एका घरातली तीन मुले एकदम पटावर आली, आणि मुख्य म्हणजे थोरलीची शाळा सुटली नाही. मुलींच्या गळतीवर आजही समित्या नेमल्या जातात. कोसबाडला सापडलेले हे उत्तर त्यांनी पुन्हा वाचावे असे आहे.

मुलग्यांची अडचण वेगळी होती. ते गुरांमागे जात. मालकाची गुरे राखायची, बदल्यात पोटाला मिळायचे. हा पोरगा शाळेत बसला तर त्या दिवशीचे जेवण बुडाले. तेव्हा कुरणशाळा निघाली. गुरे चरत तिथे शिक्षक जायचा. झाडाखाली फळा, गुरांवर एक डोळा, धड्यावर दुसरा. दिवसभर कामात अडकलेल्यांसाठी रात्रशाळा. या मुलांची वये बालवाडीच्या वयाच्या पुढची होती, आणि बालशिक्षणाच्या संस्थेने त्यांच्यामागे कशाला जायचे, असे कोणी विचारू शकले असते. पण पाड्यावर वय असे कप्प्याकप्प्यांत राहत नाही. थोरला शाळेत गेला की धाकटा बालवाडीत येतो, थोरला रानात गेला की धाकटाही त्याच्या मागे.

पट आणि हजेरी यांतले अंतर हा या भागातला जुना विषय. पट वर्षभर तोच, हजेरी ऋतूप्रमाणे हलते. भाताच्या लावणीला आईबाप दोघे शेतात, मुले बांधावर. दिवाळीच्या आगेमागे गवतकापणी. पूर्वी हे गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जाई आणि अख्खे पाडे त्याला जुंपले जात. सुगी संपली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या, रेतीची आणि बांधकामाची कामे, मुले आईबापांबरोबर. होळीला परत. आणि आषाढ-श्रावणात घरातले धान्य सरते, खावटी काढावी लागते, त्या दिवसांत उपाशी पोर बालवाडीत पेंगते. म्हणून खाणे हा दिनक्रमाचा भाग झाला. मुलाला जेवू घालणाऱ्या शाळेची हजेरी वाढते, हे आज पोषण आहाराच्या योजनेमुळे सर्वांना पटले आहे. पाड्यावर काम करणाऱ्या बायांना ते फार आधीपासून ठाऊक होते.

भाषेचे एक सांगायला हवे. मुले घरी वारली बोलत. पुण्या-मुंबईची मराठी त्यांच्या कानाला परकी, आणि बाईने पहिल्या दिवशी तीच बोलली तर मूल गप्प बसे. गप्प मुलाला मंद ठरवणे सोपे असते. इथल्या बायांनी मुलांची बोली आधी आपल्या कानात भरून घेतली, तिच्यात गाणी आणि गोष्टी केल्या, आणि मग हळूहळू पुस्तकी मराठीकडे नेले. पाड्यावरच्याच मुली शिकून बालसेविका होऊ लागल्यावर तर हे अंतर निम्म्याने कमी झाले.

सरकारची नजर या कामावर टप्प्याटप्प्याने पडत गेली. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि देशभर बालवाड्यांना अनुदाने मिळू लागली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’.

हा केंद्राचा गौरव खराच. पण योजनेने नाव घेतले तेवढी सगळी पद्धत घेतली असे म्हणता येत नाही. सरकारी अंगणवाडी लोकसंख्येच्या निकषावर मंजूर होते. सुरुवातीला साधारण एक हजार वस्तीमागे एक, आदिवासी भागात सातशेमागे एक, असा हिशेब होता. डहाणू-तलासरीकडचे पाडे वीस-पंचवीस घरांचे आणि दोन पाड्यांच्या मध्ये ओढा. सातशेच्या हिशेबात बसवायचे तर चार-पाच पाडे एकत्र करावे लागतात, आणि मग अंगणवाडी पडते भलत्याच्याच अंगणात. उरलेल्या पाड्यांतले तीन वर्षांचे मूल पुन्हा बोर्डीच्या पहिल्या वर्षातल्या मुलासारखे घरी. पुढे निकष खाली आले, दीडशे ते तीनशे वस्तीच्या पाड्याला मिनी अंगणवाडी मिळू लागली. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितले की, सहा वर्षांखालची चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागितली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. वस्तीतल्या मुलांपासून हिशेब सुरू करायचा, ही दृष्टी एवढ्या वर्षांनी कायद्याच्या भाषेत आली. ताराबाई-अनुताईंनी ती एका अंगणात मांडली होती.

अनुताईंनी ताराबाईंमागे केंद्राचे काम नेटाने चालवले. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्या साथीने त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली आणि ऐने-दाभोणच्या परिसरात कामाची नवी शाखा फुटली. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे, त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा विस्तार इथे करत नाही.

आजचा पट पाहिला तर तीन गोष्टी जाणवतात, त्यांतले दोन बदल आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात दर तीन माणसांमागे दोनहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे इथल्या कोणत्याही सार्वजनिक बालवाडीचा पट आदिवासी मुलांचाच असणार. पण ज्यांना दोन पैसे हाती आले ती घरे, आदिवासी घरांसकट, तीन वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून इंग्रजी शाळेच्या नर्सरीत धाडू लागली आहेत. पाड्यावरच्या अंगणवाडीत उरते ते सगळ्यात गरीब मूल. म्हणजे पट छोटा होतो आणि त्यातल्या प्रत्येक मुलाची गरज मोठी होते. अशा वेळी पट कमी म्हणून केंद्र जोडून टाकण्याचा विचार पुढे येतो, तो या मुलांवर अन्याय करणारा आहे. दुसरा बदल, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय एक टप्पा मानले आणि बालवाटिका पहिलीला जोडायचे ठरवले. पाळण्यापासून प्राथमिकपर्यंतची विकासवाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. मात्र नव्या मांडणीत पाळणाघर मागे पडते आहे, आणि त्याशिवाय थोरली बहीण आजही वर्गाबाहेरच राहील.

तिसरी गोष्ट बदललेली नाही, आणि तीच सर्वांत जुनी आहे. दिवाळी उलटली की पाडे रिकामे होतात. मुले भट्टीवर जातात. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आणली आहे. सेविकेने मोबाइलवर नोंद केली की मूल जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार आणि लस मिळावी, अशी तिची रचना. नोंद झाली तरी भट्टीपासून जवळची अंगणवाडी दोन-तीन किलोमीटरवर असते, आणि तिथल्या सेविकेला ही मुले आपल्या पटावरची वाटत नाहीत. कोसबाडच्या परंपरेला धरून पुढचे काम शोधायचे तर ते इथे आहे. पाड्यावरच्या शिकलेल्या तरुण मुलीही मजुरांबरोबर भट्टीवर जातात. त्यांतल्या दोघी-तिघींना हंगामापुरते मानधन आणि आठवड्याभराचे प्रशिक्षण दिले, तर विटांच्या रांगांमागच्या मोकळ्या जागेत बालवाडी भरू शकते. मुले त्यांच्या ओळखीची, बोली त्यांची, आणि हजेरीची वही पाड्यावरून सोबत नेलेली. होळीला सगळे परतले की तीच वही पुढे चालू.